जावयाच्या वाटणीचे अनारसे

माझे सासरे माझ्या पाया पडले तेव्हा मी कोण आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी पाय मागे घेतले नाहीत. घेता आले नाहीत, कारण दोन पायांच्या मध्ये सायकल होती.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक आहे ते सगळे तेव्हा तिथे हजर होते. बाकीच्यांना, म्हणजे आमच्या सायकलवाल्यांना, मी आजवर एवढंच सांगत आलो की पोटरीत गोळा आला म्हणून सोडलं. ते खोटं नाही. गोळा आलाच होता. कुठे बसलो असताना आला, ते मात्र मी सांगितलं नव्हतं.

मी मुळात कमी बोलणारा. लोक म्हणतात, साधा माणूस आहे. खरी गोष्ट अशी की मला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून मी गप्प बसतो, आणि गप्प बसून भागलं नाही की खोटं बोलतो. अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातली खोट काढायची, हा धंदा. घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही, आणि घरी तपासायला माल एकच असतो, मी स्वतः.

चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालताना ओळखीचे लोक भेटतात आणि बोलावं लागतं, म्हणून मी सायकल घेतली. गंगापूर रोडने धरणापर्यंत जायचं आणि यायचं. तिथे एक दातांचे डॉक्टर भेटले. हा माणूस नियमांचा इतका पक्का की पहाटे रस्त्यावर कुत्रं नसलं तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत एक पाय टेकवून उभा राहतो. त्यांनीच मला बीआरएमचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांचा नाद लावला. दोनशे, तीनशे, चारशे किलोमीटर, ठरलेल्या वेळेत. पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. वेळेत आलात तर आलात.

"मग मिळतं काय?" बायकोने विचारलं.

"समाधान," मी म्हणालो.

"ते घरी बसून नाही मिळत?"

मी तयारीला लागलो. उकडलेले बटाटे मीठ लावून खिशात ठेवायचे. राजगिऱ्याचे लाडू, खजूर. आत गादी शिवलेली चड्डी. ती पहिल्यांदा घालून मी हॉलमध्ये आलो तेव्हा बायकोने आधी खिडकीचा पडदा ओढला आणि मग मला नीट पाहिलं. म्हणाली, "दूधवाला येऊन गेल्यावर निघत जा." चड्डी आणि कातडं यांच्यामध्ये लावायचं म्हणून मी लहान बाळाला लावतात ते क्रीम आणायला लागलो. औषधांच्या दुकानदाराने दोनदा अभिनंदन केलं. तिसऱ्यांदा विचारलं, "जुळं आहे का?" मी हो म्हणालो. सांगितलं ना, मला नाही म्हणता येत नाही.

दोनशे जमलं. तीनशेला मात्र दोनदा आपटलो. एकदा टायर फाटला. दुसऱ्यांदा ढाब्यावरच्या खाटेवर पाच मिनिटं पडतो म्हणालो आणि ऊन तोंडावर आलं तेव्हा उठलो. त्या दिवसापासून डॉक्टर मला 'खाटेवरचे' म्हणायचे. म्हणून तिसऱ्या खेपेचं तीनशे माझ्या जिवाला लागलं होतं. त्यासाठी मी पोट कमी केलं, भात सोडला, उन्हापावसात दर रविवारी वणीकडे सायकल मारली.

सासरी यातलं काही माहीत नव्हतं. सासरे नांदगावचे. शेती आहे आणि गावात मुख्य रस्त्यावर बी-बियाण्यांचं, खतांचं दुकान, मागे घर. मी त्यांना मामा म्हणतो. जावई सायकलवर फिरतो हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी पैसे पाठवले असते. "गाडी विकली असं वाटेल त्यांना," बायको म्हणाली, "तिकडे नका बोलू." मला कुठे बोलायचं असतं.

आणि अधिक महिना आला. मामांचा फोन.

"जावईबापू, औंदा धोंड्याला यायचंच. गेल्या अधिकात समदं बंद व्हतं. त्याच्या आधीच्या अधिकात तुमचं पोट बिघडलं. आता पुढला अधिक तीन वर्सांनी. आमचं काय, असलो तर असलो."

पोट बिघडलं नव्हतं. हेही सांगून टाकतो. अधिकात जावई म्हणजे विष्णू. त्याला पाटावर बसवतात, पाय धुतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे खायला घालतात, तेहतीस अनारसे वाण देतात आणि मग सासू-सासरे त्याच्या पाया पडतात. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघतात. बाकीचे जावई कसे बसतात कोण जाणे. मी क्वालिटीतला माणूस. मला माझा माल माहीत आहे. सत्तरीचा माणूस वाकून आपल्या पायाला हात लावणार या कल्पनेने मला घाम फुटायचा. म्हणून पोट.

"येता रविवार धरू का?" मामा म्हणाले.

तो रविवार तीनशेचा होता. मला फक्त 'त्याच्या पुढचा धरू' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "अधिकातले सगळे रविवार ऑडिट आहे, मामा."

बायको समोर कोथिंबीर निवडत होती. तिने एक काडी जरा जास्तच जोरात मोडली.

"समदे?" मामा म्हणाले. "बरं. कामाचं काम. लेकीला तरी धाडा."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "महिनाभर ऑडिट? कंपनीत काय खून झालाय का?" मग म्हणाली, "हे बघा, मी जाते. मी आपणहून काही बोलणार नाही. पण मला सरळ विचारलं, तर खरं सांगणार." आणि शनिवारी दुपारच्या एसटीने ती नांदगावला गेली.

आमचा रस्ता पेठच्या बाजूचा होता, नांदगावच्या अगदी उलट दिशेला. शनिवारी संध्याकाळी निरोप आला: घाटात दरड आली आहे, रस्ता बदलला. आता पिंपळगाव, चांदवड, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव आणि त्याच रस्त्याने परत. म्हणजे मामांच्या दुकानावरून एकदा जाताना आणि एकदा येताना.

सुज्ञ माणसाने बायकोला फोन केला असता. मी गळ्यातलं कापड नाकावर ओढून, हेल्मेट आणि काळा चष्मा चढवून आरशासमोर उभा राहिलो. मीच मला ओळखलं नाही. शिवाय मामांनी मला शेवटचं पाहिलं होतं ते पोटासकट.

पहाटे निघालो. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअप रस्ताभर उभ्या होत्या. त्यांतून वाट काढता काढता डॉक्टरांनी मला नियम समजावला. तो मला पाठ होता, पण नियम सांगितला की त्यांना ताकद येते.

"वाटेत परक्या माणसाने प्रेमाने काही खाऊ घातलं तर चालतं. आपली माणसं डबा घेऊन उभी राहिली, की बाद. मागच्या महिन्यात एकाचा भाऊ थालीपीठ घेऊन आला. बाद!"

"थालीपीठ खाल्लं नसेल तर?"

"वास घेतला असेल ना?"

मनमाड सोडलं तसा मी बोलणं बंद करून जोरात पेडल मारायला लागलो. डॉक्टरांना वाटलं मला वेळेची काळजी लागलीय. नांदगाव आलं. मी मान खाली घातली, कापड वर ओढलं आणि दुकान डाव्या हाताला मागे जाणार इतक्यात रस्त्याच्या मधोमध एक माणूस टॉवेल फिरवत उभा. माझा मेहुणा.

"थांबा, थांबा! सरबत घेतल्याबिगर कुणी पुढं जायाचं नाय!"

दुकानासमोर टेबल मांडलेलं. त्यावर स्टीलची टाकी, केळी, आणि मागे पांढऱ्या टोपीत मामा. सकाळपासून नाशिककडून एकेक सायकल येताना बघून त्यांनी पहिल्या दोघांना अडवून चौकशी केली होती. इतक्या लांब जाऊन परत यायचं आणि मिळायचं काही नाही, हे कळल्यावर त्यांची खात्री पटली की हा नवस आहे. अधिकात वाटसराला पाजल्याचं पुण्य मोठं. त्यांनी दुकान मेहुण्याच्या बायकोवर सोपवलं आणि लिंबं आणायला माणूस पाठवला.

डॉक्टर थांबले. परका माणूस, प्रेमाने देतोय, नियमात बसतं. मलाही थांबावं लागलं, कारण मेहुण्याने माझं हँडल धरलं होतं. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नात त्याने हाच हात माझ्या गळ्यात टाकून फोटो काढला होता.

"घ्या बापू, घ्या," मामा ग्लास पुढे करत म्हणाले. "कुठून आले? नाशिक? नाशकात कुठं ऱ्हाता?"

मी मान हलवली. आवाज काढला असता तर संपलंच होतं. आणि मला एकदम दुसरीही गोष्ट सुचली: ओळख पटली, की हा माणूस परका राहणार नाही. सरबत आपल्या माणसाचं होईल. मी बाद.

"अहो, बोला की," मामा म्हणाले.

मी तोंडावर बोट ठेवलं. का ठेवलं, मला माहीत नाही. डॉक्टर दुसरं केळं सोलत सहज म्हणाले, "त्यांचं बहुतेक मौन आहे. मनमाडपासून एक शब्द बोललेले नाहीत."

मामांच्या हातातला ग्लास थांबला.

"मौन? अधिकाचं? आन् वर ही सायकल?" त्यांनी टोपी नीट केली, टेबलाला वळसा घालून पुढे आले, आणि मी काय होतंय हे समजायच्या आत वाकून माझ्या बुटांना हात लावला.

ज्या गोष्टीपासून मी दोन अधिक पळत होतो, ती मला भर रस्त्यात गाठून, सायकलवर उभं करून उरकली गेली.

"आमचे जावई नाशकातच असत्यात," मामा उठत म्हणाले. मौनी माणूस भेटला की लोक मोकळे होतात. "मोठ्या कंपनीत हायेत. रविवारची बी सुटी नाय बिचाऱ्याला. आज त्यांचा धोंडा व्हता. मंडळींनी समदं केलं, म्हनलं फोनवर नाय म्हनले तरी काय सांगावं, येतील अचानक." त्यांनी आत हाक मारली. "अगं, ते ताट आण. जावयाच्या वाटणीचं."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर टाकीकडे पाहत होते.

"लोक म्हनत्यात, त्येंना तुमच्याकडलं आवडत नाय. मला बी कधी कधी वाटतं. पर लेक म्हनती, तसं नाय, लाजरे हायेत." मामा हसले. "असतील. मानूस वाईट नाय. एक शब्द खोटा बोलत नाय."

काळ्या चष्म्याचा हा उपयोग मला त्या दिवशी कळला.

ताट घेऊन बायको बाहेर आली.

माझ्या जर्सीचा पाठीवरचा खिसा उसवला होता तेव्हा तिनेच त्याला आपल्या जुन्या ब्लाउजचा मोरपंखी तुकडा लावून दिला होता. ती माझ्या मागच्या बाजूने आली. पावलं थांबली. मग ती सावकाश पुढे आली, ताट धरलं आणि माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाली, "हे कोण?"

"मौनी हायेत," मामा हळू आवाजात म्हणाले. "पाया पड."

"पडते की," ती म्हणाली, पण पडली नाही. "छान आहे मौन. काही माणसांना फार सोपं जातं."

मामांनी दोन अनारसे माझ्या हातावर ठेवले. मी कापडाच्या खालून ते तोंडात सारले. खसखस कापडाला चिकटली. मामींच्या हातचे अनारसे, जाळीदार, कडेला कुरकुरीत. मी ते खाताना ती बघत होती.

"याच रस्त्याने परत येणार ना?" मामा ग्लास भरायला वळल्यावर तिने डॉक्टरांना हळूच विचारलं.

"हो, संध्याकाळपर्यंत."

"मग यांना सांगा, तोवर मौन सुटलेलं असू द्या. संध्याकाळी आमचे आबा मला विचारणार आहेत, जावयांचा फोन आला होता का. मी काय सांगू?"

"तुम्हाला जे खरं वाटेल ते," डॉक्टर म्हणाले. त्यांना काही कळलेलं नव्हतं.

चाळीसगावपर्यंत तुपात तळलेले दोन अनारसे आणि 'एक शब्द खोटा बोलत नाय' हे वाक्य, दोन्ही माझ्या छातीत अडकून राहिलं. पाठीवर वारा होता, सायकल सुंदर पळत होती. पायांत ताकद होती. डॉक्टर हिशेब करत म्हणाले, "आज तुमचं तीनशे होतंय हो! भरपूर वेळ राखून!" मला रडू यायला लागलं. चाळीसगावला मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ते तुमचे सासरे?"

"हो."

"आणि सरबत प्यायलात तेव्हा त्यांना माहीत नव्हतं?"

"नाही."

"मग सकाळचं नियमात बसतं," ते म्हणाले. "संध्याकाळी तोंड झाकून सरळ निघून या. तीनशे तुमचं. तोंड उघडून जेवायला बसलात, तर बाद."

येताना वारा समोरून होता. नांदगाव जवळ आलं तेव्हा उन्हं उतरली होती. मामा टेबल आवरत होते. मेहुणा टाकी विसळत होता. रस्ता मोकळा होता, कुणी अडवायला उभं नव्हतं. मी ब्रेक दाबला.

हेल्मेट काढलं. चष्मा काढला. कापड खाली ओढलं. त्याला अजून खसखस होती.

"मामा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "गाडी कुठंय?"

"गाडी घरी आहे. विकलेली नाही. मामा, ऑडिट नव्हतं. एकाही रविवारी नव्हतं. त्या वेळी पोटही बिघडलं नव्हतं. सकाळी जो मौनी होता, तो मीच."

इतकं सलग मी त्यांच्याशी लग्नानंतर कधी बोललो नव्हतो. मेहुण्याच्या हातून टाकीचं झाकण पडलं आणि बराच वेळ गरगरत राहिलं. दारात बायको येऊन उभी राहिली, मागे मामी.

मामा खुर्चीवर बसले. टोपी काढली. डोकं पुसलं.

"म्हंजे सकाळी मी जावयाच्याच पाया पडलो?"

"हो."

"आन् अनारसे जावयानंच खाल्ले?"

"हो."

त्यांनी टोपी परत घातली. "मंग निम्मा धोंडा तर झालाच की! बसा. उरलेला उरकून टाकू." आणि आत बघून ओरडले, "पाट मांडा गं! आले बघा, कसे आलेत ते बघू नका!"

गल्लीतल्या बायका सांगून ठेवल्यासारख्या जमल्या. मी गादीच्या चड्डीत पाटावर बसलो. मामींनी वरून माझ्या मांडीवर टॉवेल टाकला. पाय धुवायला मोजे काढले तर घोट्यापर्यंत पाय पांढरेफेक आणि वर गुडघ्यापर्यंत काळे.

"अगं बाई," मामी म्हणाल्या, "हे दोन मानसांचे पाय जोडलेत का काय?"

"ऑडिटचे आहेत," बायको म्हणाली आणि निरांजन उचललं.

ओवाळायला सुरुवात झाली आणि माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. विष्णूला पाटावरून उठता येत नाही. मी हात जोडून, दात आवळून बसलो. डोळ्यांत पाणी आलं. शेजारची एक आजी पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "किती भाविक हाय वो जावई!"

दार भरलेलं असल्यामुळे डॉक्टर उंबऱ्याबाहेर उभे होते. मामी त्यांना म्हणाल्या, "तुमी बी बसा की." डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. त्यांच्यासाठी हे घर परकं होतं. परकी माणसं प्रेमाने देत होती. ते बसले, तुपात बुडवून पाच धोंडे खाल्ले, हात धुतले, सगळ्यांना नमस्कार केला आणि सायकलवर टांग मारून निघून गेले. वेळेत पोचले. नियमात.

मी आयोजकांना फोन करून सांगितलं, पोटरीत गोळा आलाय, सोडतोय. ते म्हणाले, "फार वाईट वाटतं. कुठे पडलायत, गाडी पाठवू?" मी म्हणालो, "पडलो नाही, बसलोय."

सकाळी मामा स्वतः मला सोडायला निघाले. सायकल पिकअपमध्ये खतांच्या गोण्यांवर आडवी बांधली होती. मध्ये बायको, मांडीवर अनारशांचा डबा. तेहतीसमधले दोन आधीच खाल्ले म्हणून मामींनी एकतीसच दिले होते, बाई हिशेबाला पक्क्या. मनमाडच्या पुढे मामांनी विचारलं, "काल थांबले नसते, तर पोचले असते का वेळेत?"

"पोचलो असतो."

"तिसरी खेप ना ही? लेक सांगत व्हती. लय दिवस झटत व्हते म्हने."

"हो."

"मंग थांबले कशापायी?"

मी तोंड उघडलं. खोटं एकही सुचलं नाही, आणि खरं जे होतं ते पिकअपमध्ये, बायको मध्ये बसलेली असताना, म्हणण्यासारखं नव्हतं. मी तोंड मिटलं आणि समोर चांदवडचे डोंगर बघत राहिलो.

मामांनी थोडी वाट पाहिली. मग गिअर बदलला आणि लेकीला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मौन हाय त्येंचं."